अनारसा हसला त्या वर्षी : आमच्या गृहउद्योगाची वाटचाल

आमच्या उद्योगाचा हिशेब कागदावर मार्चअखेरीस लागतो, पण घरात आम्ही वर्षे मोजतो ती अधिक महिन्यांनी, कारण अधिक महिन्यात जावयांना अनारशांचे वाण देतात आणि तेच आमचे मोठे काम. २०१२ च्या अधिक भाद्रपदात सुरुवात झाली, २०१५ च्या अधिक आषाढात जम बसला, आणि २०१८ च्या अधिक ज्येष्ठाने आमचा धंदा जवळजवळ बुडवला. मधल्या दिवाळ्या, पोळे आणि महालक्ष्म्या सुरळीत पार पडल्या. फुलोऱ्याच्या करंज्या, वेण्या-फण्या, शंकरपाळे आणि चकल्या खपल्या, बायांची मजुरी आठवड्याच्या आठवड्याला चुकती झाली. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखे एवढेच आहे.

आमचे गाव चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड आणि ब्रह्मपुरी यांच्या मधले. सगळा मुलूख धानाचा. सासूबाईंच्या हातचे अनारसे पंचक्रोशीत मागून नेत असत, आणि त्यांच्या पश्चात ती कला माझ्याकडे नव्हे, तर थोरल्या जाऊबाईंकडे आली. मी दहावी शिकलेली, त्या चौथीपर्यंत. म्हणून वही, पावत्या आणि बँक माझ्याकडे राहिली आणि परात त्यांच्याकडे. आम्हा दोघींमध्ये भागीदारीचा कागद कधी झाला नाही आणि त्याची गरजही पडली नाही.

पहिली मागणी तळोधीच्या एका निवृत्त शिक्षिकेची होती. त्यांना दोन जावयांना वाण द्यायचे होते, म्हणजे तेहतीस-तेहतीस असे सहासष्ट अनारसे. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे आणि सौरवर्ष ३६५ दिवसांचे, त्यामुळे दरवर्षी साठणाऱ्या अकरा दिवसांचा साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक जादा महिना होतो, हे बाईंनीच आम्हाला ओट्यावर बसून समजावून सांगितले होते. वाणाला तेहतीस नग का आणि जाळीदार पदार्थच का, हे वाचकांना घरोघरी माहीत आहे. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. हा महिना पावणेतीन वर्षांनी येतो आणि सहसा मागच्या वेळेपेक्षा वेगळ्या हवेत येतो. भाद्रपदातल्या दमट हवेत बसवलेला हात ज्येष्ठातल्या उन्हात उपयोगी पडत नाही. दिवाळीच्या करंजीचा सराव दरवर्षी होतो. वाणाच्या अनारशाचा सराव होईपर्यंत बाई म्हातारी होते.

२०१५ च्या आधी आम्ही जुने कांडप यंत्र विकत घेतले. ज्यांनी ओली पिठी चक्कीवर नेली आहे त्यांना माहीत असेल की, ओल्या तांदळाने दगड बुजतात, गिरणीवाला रागावतो आणि पीठ गरम होऊन निघते. कांडपात लोखंडी मुसळ वरून पडते, पिठी थंड राहते आणि तांदळातली ओल तशीच टिकते. आमच्या यंत्राला दोन मुसळे आहेत, त्यांतले डावे किंचित आखूड आहे, म्हणून जाऊबाई त्या बाजूच्या उखळात नेहमी मूठभर तांदूळ कमी टाकतात. चाळणी मैद्याचीच हवी. तांदूळ पसरायला आम्ही धुऊन धुऊन मऊ झालेली सुती धोतरे वापरतो, कारण नवे कापड पाणी ओढत नाही. तळायची कढई सासूबाईंच्या वेळची, सपाट बुडाची आहे. खोलगट कढईत अनारसा मधोमध घसरतो आणि वाकतो.

आता पिठाबद्दल, कारण आमचे सारे मोठेपण आणि सारा मनस्ताप या पिठातच आहे. तांदूळ जुना हवा, निदान एका पावसाळ्यावरचा, आणि बिनवासाचा. तो तीन दिवस भिजवावा, रोज पाणी बदलावे. तिसऱ्या दिवशी किंचित आंबूस वास येतो, तो यायलाच हवा. मग निथळून सावलीत पसरावा. भाद्रपदात तो पंख्याखाली दीड-दोन तास पसरून ठेवावा लागतो, तर मे महिन्यात आमच्याकडे पाऊण तासात उचलावा लागतो. मूठ आवळली की तळवा ओलसर व्हावा, पण पाण्याचा थेंब गळू नये, ही त्याची खूण. कांडून, चाळून झालेल्या एक किलो ओल्या पिठीला आठशे ग्रॅम चिरलेला गूळ आणि दोन चमचे तूप लावून गोळा घट्ट मळावा आणि झाकण लावून ठेवावा. हिवाळ्यात आठ दिवस, पावसाळ्यात पाच-सहा, उन्हाळ्यात चार दिवस पुरतात. गूळ पिठीतली ओल ओढून पाघळतो आणि पीठ आपोआप सैल होते, म्हणून पहिल्या दिवशी ते कोरडे वाटले तरी त्यात पाणी घालू नये. नव्या सुनांची इथेच घाई होते.

२०१८ चा अधिक ज्येष्ठ १६ मे रोजी लागणार होता. आमच्याकडे दोनशे चाळीस वाणांची मागणी होती, म्हणजे सात हजार नऊशे वीस अनारसे. एवढे काम आम्ही कधी घेतले नव्हते. बचत गटाकडून कर्ज घेतले, तुपाचे डबे भरले, खसखस घेतली आणि तालुक्याच्या एका व्यापाऱ्याकडून दोन क्विंटल तांदूळ आणला. आमचा नेहमीचा शेतकरी सोडून आम्ही बाजारातून घेतलेला तो पहिलाच माल होता. "दोन वर्षांचा आहे, ताई, डोळे झाकून न्या," असे त्यांनी सांगितले आणि दरही जुन्या तांदळाचाच लावला.

१४ मे रोजी पहिली खेप तळायला घेतली. जाऊबाईंनी खसखशीवर अनारसा थापला, खसखस वर ठेवून तुपात सोडला, आणि पाहता पाहता तो कडेने सुटून, विरघळून, कढईभर पसरला. आपल्याकडे याला अनारसा हसला असे म्हणतात. पहिल्या दहांतले सहा हसले. त्या दिवशी आमच्या शेडमध्ये कोणी बोलत नव्हते. पीठ सैल आहे असे समजून आम्ही त्यात कोरडी पिठी घातली, तेव्हा अनारसे टिकले, पण जाळी पडली नाही आणि ते दगडासारखे झाले. विरघळलेल्या गुळाने तूप काळे पडत गेले. तीन डबे तूप असे गेले. मुहूर्त गाठायचा म्हणून आम्ही त्यातलीच चाळीस वाणे पाठवून दिली. हे आम्ही करायला नको होते, आणि ते मी इथे स्पष्ट लिहिते.

चार दिवसांत वाणे परत येऊ लागली. एका घरी जावयासमोर ताट ठेवल्यावर अनारसा तुटेना, म्हणून यजमानीणबाईंना रडू कोसळले, असे निरोपात कळले. आम्ही सर्व चाळीस वाणांचे पैसे परत केले. तूप, तांदूळ, गूळ, खसखस आणि मजुरी धरून नुकसान सत्तर हजारांवर गेले आणि गटाचा हप्ता तोंडावर आला. जाऊबाईंनी काही न बोलता आपल्या पाटल्या काढून माझ्या वहीवर ठेवल्या.

व्यापाऱ्याकडे गेलो तेव्हा त्यांनी तांदळाचा दोष मानला नाही. "एवढ्या उन्हात पीठ फुगणारच, बायकांना अंदाज आला नाही," असे ते म्हणाले, आणि पुढे आठवडी बाजारात त्यांनी तेच चारचौघांत सांगितले. ब्रह्मपुरीकडचा पारा त्या दिवसांत पंचेचाळिसाच्या आसपास असतो, आणि उन्हाळ्यातले हे आमचे पहिलेच अधिक मासाचे काम होते, म्हणून लोकांना ते पटले. आम्हालाही क्षणभर पटले, याचे दुःख मला अजून वाटते.

परत आलेल्या चाळीस वाणांत तळोधीच्या बाईंची तीन होती, कारण मधल्या काळात त्यांच्या तिसऱ्या मुलीचेही लग्न झाले होते. २४ मे रोजी भर दुपारी त्या एसटीने आल्या. त्यांनी पैशांचा विषय काढला नाही. माठातले पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "आधी मला तांदूळ दाखवा." पोत्यातला मूठभर तांदूळ त्यांनी स्वतः धुतला, मोकळ्या पाण्यात चुलीवर शिजवला आणि ताटलीत उपसला. तो भात ताटलीला लागून बसला होता. त्यांनी दोन शिते चिमटीत धरून बोटे उघडली, तर शिते सुटली नाहीत. जाऊबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "हा तांदूर जुना नोहे." तो त्याच हंगामाचा, पाच-सहा महिन्यांपूर्वी कापलेला तांदूळ होता. नव्या तांदळाला चिकटपणा असतो, तो पाणी धरून ठेवतो आणि गुळाबरोबर त्याचे पीठ पातळ होत जाते. वर्षभर राहिला की दाणा कणखर होतो. हे आम्हाला माहीत होते, फक्त शिजवून पाहायचे आम्ही विसरलो होतो. त्यानंतर आमच्याकडे मूठभर शिजवून पाहिल्याशिवाय एकही पोते उतरवले जात नाही.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या जुन्या शेतकरीदादांकडे गेले. त्यांच्या ढोलीत, म्हणजे धान साठवायच्या कणगीत, २०१६ च्या हंगामाचे एचएमटी धान होते. त्यांनी ते घरच्यांसाठी राखले होते, तरी भरडून दिले आणि पैसे दिवाळीला द्या म्हणाले. २६ मेला तांदूळ भिजत घातला, २९ ला कांडला, आणि ३ जूनला सकाळी कढई पुन्हा चढली. पहिला अनारसा तुपात सोडल्यावर दोघींनी श्वास धरला होता. तो फुगला नाही, पसरला नाही, जागेवर राहून त्याला बारीक जाळी पडू लागली. त्याच दिवशी दादाजी खोब्रागडे गेल्याची बातमी आली. आमच्याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या या शेतकऱ्याने आपल्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून, जपून धानाची जी जात तयार केली आणि घड्याळाच्या नावावरून जिला एचएमटी हे नाव पडले, त्याच तांदळाने आमचा संसार सावरला होता. आम्ही कढई उतरवून थोडा वेळ हात जोडून उभ्या राहिलो.

१३ जूनला महिना संपला तोवर एकशे बहात्तर वाणे गेली. बाकीच्यांची आगाऊ रक्कम परत केली. पाटल्या सोडवायला पुढची दोन वर्षे लागली. २०१९ च्या नोव्हेंबरात नागभीड-नागपूर छोटी रेल्वे बंद झाली आणि नागपूरचे पार्सल एसटीवर आले. २०२० चा अधिक अश्विन टाळेबंदीनंतर लगेच आला, तेव्हा आम्ही तयार अनारशांऐवजी पीठच जास्त विकले. २०२३ चा अधिक श्रावण चांगला गेला.

पीठ विकायला लागल्यापासून दुसरा त्रास सुरू झाला. बाजारात कोरड्या पिठीत पिठीसाखर आणि सोडा मिसळून अनारसे पीठ म्हणून पाकिटे येतात आणि त्यांवर घरगुती असे लिहिलेले असते. सोड्याने भोके पडतात, जाळी पडत नाही, आणि दुसऱ्या दिवशी असा अनारसा वातड होतो. असले पाकीट दहा रुपयांनी स्वस्त मिळते म्हणून आमचे पीठ महाग आहे असे सांगणाऱ्यांना मी एवढेच म्हणते की तीन दिवसांचे भिजवणे आणि चार दिवसांचे मुरणे यांचीही किंमत असते.

ज्या भगिनी घरी करणार असतील त्यांनी एका वेळी एकच अनारसा तळावा. तळण्याआधी पिठाची चाचणी घ्यावी. हसला, तर गूळ जास्त आहे किंवा तूप पुरेसे तापलेले नाही. तूप तपासूनही हसला, तर पिठात थोडी ताजी पिठी मळून एक दिवस ठेवावे, आम्ही केले तसे तासाभरात तळू नये. कडक झाला, तर पिकल्या केळ्याचा लहानसा तुकडा किंवा दुधाचे चार थेंब लावून मळावे. खसखशीची बाजू वर ठेवावी, उलटू नये, झाऱ्याने वरून तूप उडवत राहावे आणि काढल्यावर चाळणीत उभा लावावा, म्हणजे तूप निथळते. ज्यांना हा धंदा म्हणून करायचा आहे त्यांनी आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय वाण लिहून घेऊ नये, तांदूळ उधारीवर घेऊ नये, आणि मजुरी नगावर न ठरवता दिवसावर ठरवावी, कारण नगावर ठरवली की हात घाई करतो.

२०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा आहे, म्हणजे पुन्हा तेच ऊन. त्यासाठीचे धान २०२४ च्या खरिपाचे आहे आणि ते आता आमच्याच ढोलीत ठेवलेले आहे. जाऊबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्या खुर्चीवर बसून थापतात, पण मुसळाखाली तांदूळ अजून त्यांनीच टाकायचा असतो. तळोधीच्या बाईंनी चार वाणे लिहून ठेवायला सांगितली आहेत. चौथे नातजावयाचे आहे, आणि तांदूळ शिजवून पाहायला आपण स्वतः येऊ, असा निरोप त्यांनी दिला आहे.