मी फक्त ट्रेलर बघते

मी भयपट बघत नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी विचारणारच, 'मग अमका बघितलास का?' नाही बघितला. त्याचा ट्रेलर मात्र बघितलाय, चांगला चार-पाच वेळा. एकदा आवाज बंद करून, एकदा पाठ फिरवून नुसता आवाज ऐकत, आणि एकदा एकेक फ्रेम पुढे सरकवत.

धाकटा भाऊ याला पळपुटेपणा म्हणतो. तो स्वतः रात्री दीड वाजता दिवे घालवून, कानात इअरफोन कोंबून अख्खा सिनेमा बघतो आणि संपल्यावर दहाव्या मिनिटाला घोरायला लागतो. मी दीड मिनिटाचा ट्रेलर बघते आणि रात्री पाणी प्यायला उठले की स्वयंपाकघरापर्यंत तीन दिवे लावत जाते. "ताई, एकदा अख्खा बघ, भीती जाईल," असं तो दरवेळी ऐकवतो. अरे, माझं म्हणणं तरी दुसरं काय आहे? अख्खा बघितला की भीती जाते. सिनेमाला शेवट असतो. भूत कोणाचं, का आलं, कसं गेलं, याचा काहीतरी हिशेब लागतो. ट्रेलर हिशेब मांडायला घेतो आणि अर्ध्यातच वही आपल्या हातात देऊन निघून जातो. उरलेली बेरीज आपण रात्री अंथरुणात पडून करायची.

बागुलबुवा दिसतो कसा, हे लहानपणी कुणी सांगितलं होतं का आपल्याला? शिंगं आहेत की नाहीत, उंची किती, काही नाही. 'येईल' एवढंच सांगितलं होतं. तेवढ्यावर आपण जेवलो आणि झोपलो. तोही एक ट्रेलरच.

मी व्हिडिओ एडिटर आहे. भयपटांची नाही. कंपन्यांसाठी प्रशिक्षणाचे व्हिडिओ कापते: यंत्र कसं चालवावं, हेल्मेट कसं घालावं, वगैरे. त्यामुळे मला भीती वाटते तेव्हा ती नेमकी कुठल्या कटवर वाटली, हे शोधायची खोड आहे. भीती त्यामुळे कमी होत नाही, हेही सांगून ठेवते.

माझ्या लेखी या सगळ्या प्रकारातला सगळ्यात भारी नमुना म्हणजे १९८० च्या 'द शायनिंग'चा टीझर. स्टॅन्ली कुब्रिकने त्यात एकच शॉट ठेवलाय. समोर लिफ्टची दोन लाल दारं, बंद. आजूबाजूला थोडं फर्निचर. कॅमेरा हलत नाही. पडद्यावरून नावं सावकाश वर सरकतायत. आपण नावं वाचतो, कारण वाचायला दुसरं काहीच नाही. मागे संगीत आहे, पण त्याला चाल अशी नाही, एखादी जड वस्तू कुणीतरी ओढत आणतंय तसं ते वाढत जातं. नावं संपतात. दारं तशीच. आणि इथे जे होतं ते मला एडिटर म्हणून फार आवडतं: आपण आपणहून दारांकडे बघायला लागतो. 'इकडे बघा' असं कुणी सांगितलेलं नाही. मग लिफ्टच्या बाजूने रक्ताचा लोंढा बाहेर येतो, खुर्च्यांसकट सगळं उचलत आपल्याकडे येतो आणि भिंगावर आपटतो.

कोणी ओरडत नाही. माणूसच नाही त्यात. कथेबद्दल एक अक्षर नाही. तरी मी तो पहिल्यांदा बघितला तेव्हा लोंढ्याने नव्हे, त्याच्या आधीच्या रिकाम्या वेळाने माझ्या छातीत धस्स झालं होतं. कुठलाही शॉट गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवला की प्रेक्षकाला संशय येतो. एवढा वेळ दाखवतायत म्हणजे काहीतरी होणार. हे सूत्र हेल्मेटच्या व्हिडिओलाही लागू आहे, मी करून बघितलंय. तो किस्सा पुढे सांगते.

दुसरा 'एलियन'चा, १९७९ चा. त्यात एकही संवाद नाही. एक अंडं, त्याला पडणारी भेग, आणि मग धावणारी माणसं, दिवे, चेहरे, सगळं कशाचा कशाला पत्ता नसलेलं. आणि त्यावर एक आवाज, भोंगा आणि किंकाळी यांच्या मधला, थांबतच नाही. पोस्टरवर तर नुसतं ते अंडं, खालून फुटलेलं, आत हिरवट पिवळा उजेड. गंमत अशी की पोस्टरवरचं अंडं बरंचसं कोंबडीच्या अंड्यासारखं दिसतं. सिनेमातलं वेगळं आहे, चामड्यासारखं, वरून पाकळ्या उघडाव्यात तसं उघडणारं. (हे मला भावाने सांगितलं. मी कशाला बघायला जातेय.) म्हणजे पोस्टरवाल्यांनी सिनेमातली वस्तूच दाखवली नाही. आपल्या ओळखीची वस्तू घेतली आणि तिच्यातून अनोळखी उजेड बाहेर काढला. खाली एक ओळ: अंतराळात तुमची किंकाळी कुणालाच ऐकू येत नाही. ही ओळ बार्बरा गिप्स यांची. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातलं साधं वाक्य आहे ते, पोकळीत ध्वनी प्रवास करत नाही. त्यात 'तुमची' घातलं आणि विज्ञानाचा धडा अंगावर आला.

त्या भोंग्याबद्दल थोडं. ट्रेलर आवाज बंद करून बघितला की भीती किती उतरते, हे कुणीही घरी करून बघावं. चित्रं तीच राहतात आणि एकदम केविलवाणी दिसायला लागतात, मेकअप दिसतो, पडदे दिसतात. उलट पाठ फिरवून नुसतं ऐकलं तर माझी पाचावर धारण बसते. २०१५ मध्ये ल्यूक आर्नाल, डेव्हिड पॉपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किंकाळीवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. आपण बोलतो तेव्हा आवाजाची पातळी सेकंदाला चार-पाच वेळा वरखाली होते. किंकाळीत ती सेकंदाला तीस ते दीडशे वेळा थरथरते. हा खरखरीतपणा ऐकला की मेंदूतला धोका ओळखणारा भाग जागा होतो, आणि धोक्याच्या भोंग्यांतही तोच खरखरीतपणा सापडतो. हे वाचल्यावर मी 'एलियन'चा ट्रेलर पुन्हा लावला आणि लगेच बंद केला. कारण कळल्याने काही फरक पडला नाही. कानाला आपलं शिक्षण माहीत नसतं.

आवाजाची दुसरी खोड म्हणजे तो काढून घेणं. एडिटर मंडळींत 'बस' नावाची एक जुनी युक्ती आहे. १९४२ च्या 'कॅट पीपल'मध्ये एक बाई रात्री एकटी चालतेय, मागे कुणीतरी आहे असं तिला वाटतंय, पावलांचा आवाज, मग पावलंही थांबतात. आता झडप येणार म्हणून आपण श्वास धरतो आणि फिस्सकन आवाज करत येऊन उभी राहते साधी बस. मार्क रॉबसन या एडिटरची ही करामत. आजच्या प्रत्येक ट्रेलरमध्ये ती बस धावते, फक्त आता तिचा धडाम आवाज होतो. शांतता, काळा पडदा, धडाम. शांतता, काळा पडदा, धडाम. मध्ये एखादं बालगीत निम्म्या वेगात. खरं सांगायचं तर मला याचा कंटाळा आलाय. दचकणं म्हणजे भिणं नव्हे. कुणी कानाशी फुगा फोडला तरी मी दचकेन, पण त्या रात्री फुग्याच्या भीतीने जागी राहणार नाही.

आता तो किस्सा. ऑफिसात आगीच्या सरावाचा व्हिडिओ कापत होते. आमचीच एक सहकारी त्यात तिसऱ्या मजल्याच्या कॉरिडॉरमधून चालत जाते, एकेक दार ढकलून आत कुणी राहिलं नाही ना बघते, आणि जिन्याकडे वळते. संध्याकाळी काम संपल्यावर मला दुर्बुद्धी सुचली. सगळ्यातला लाल-पिवळा रंग काढला, निळसर राखाडी ठेवला. तिचं चालणं किंचित संथ केलं, इतकं की लक्षात येऊ नये. निवेदन काढलं, भोंगा काढला. राहिली फक्त ट्यूबलाइटची गुणगुण आणि बिजागरीचा आवाज. ती दार ढकलून निघून गेली की मी शॉट कापायची नाही, उघडं दार तसंच दोन सेकंद ठेवायची. शेवटी बारा फ्रेम काळ्या, म्हणजे अर्धा सेकंदसुद्धा नाही, आणि मग तिचा कॅमेऱ्याकडे बघणारा चेहरा. तो खरं तर टेक संपल्यावर 'झालं का?' विचारतानाचा होता. नाव ठेवलं, 'तिसरा मजला'.

दुसऱ्या दिवशी तिलाच दाखवला. स्वतःचा चेहरा बघून ती किंचाळली. स्वतःचा! मग म्हणाली, "त्या दाराच्या आत काय होतं?" काय असणार, झाडू आणि बादली होती, तिने स्वतः बघितली होती. पण उघडं दार दोन सेकंद जास्त दिसलं, आणि झाडू-बादलीच्या जागी तिने काय ठेवलं ते तिचं तिला माहीत. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते हेच. ट्रेलर कापणाऱ्याला वैरी व्हायची गरजच नाही, तुमच्या मनासाठी जागा मोकळी ठेवली की झालं.

उलटंही करता येतं म्हणा. २००५ मध्ये रॉबर्ट रायंग या एडिटरने त्याच 'द शायनिंग'चे तुकडे जोडून एका गोड कौटुंबिक सिनेमाचा ट्रेलर केला होता. बाप-मुलाचं प्रेम, खेळकर निवेदन, उमेद देणारं गाणं. दृश्यं सगळी मूळ सिनेमातलीच. मी तो बघून हसले आणि मग जरा गप्प झाले. म्हणजे भीती चित्रात कुठे बसलेली नव्हतीच.

पोस्टरला आवाज नाही, कट नाही, काळी फ्रेम नाही. तरीही 'द एक्झॉर्सिस्ट'चं १९७३ चं पोस्टर माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. टोपी घातलेला, हातात बॅग घेतलेला एक माणूस रस्त्यावर दिव्याखाली उभा, आणि वरच्या खिडकीतून त्याच्यावर पडलेला उजेडाचा झोत. बास. रक्त नाही, राक्षस नाही. पण अंधार आणि उजेड यांची अदलाबदल केलीय. अंधारात आपण उजेडाकडे जातो, तिथे सुरक्षित वाटतं. इथे जे काही वाईट आहे ते उजेडाच्या बाजूला, खिडकीत आहे. माणूस बाहेर काळोखात आहे तोवर बरा आहे, आणि तो आत जाणार आहे हे त्याच्या बॅगेवरून कळतं. 'जॉज'चं पोस्टर (१९७५) याच्या बरोबर उलट, सगळं उघड्यावर मांडलेलं. रॉजर कास्टेल यांचं चित्र आहे ते: वर पोहणारी बाई, खालून सरळ वर येणारा अवाढव्य शार्क. पण पोहणारीला काही माहीत नाही, माहीत फक्त आपल्याला. तिला ओरडून सांगावंसं वाटतं आणि कागदाला कान नसतात. 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'च्या पोस्टरवर ओठांवर बसलेल्या पतंगाच्या पाठीवर कवटी आहे, हे सगळ्यांना दिसतं. ती कवटी सात विवस्त्र बायकांच्या देहांची बनलेली आहे, हे मला मोठं करून बघेपर्यंत कळलं नव्हतं. साल्वादोर दाली आणि छायाचित्रकार फिलिप हाल्समन यांच्या एका जुन्या छायाचित्रावरून ती घेतलीय. अशा तपशिलाचा त्रास दुसऱ्यांदा बघणाऱ्यालाच होतो.

हल्लीच्या ट्रेलरांवर माझा राग एवढाच की ते सगळं सांगून मोकळे होतात. सुरुवात, मध्य, भूत, भुताचा चेहरा, भुतावरचा उपायसुद्धा. १९६० मध्ये दिग्दर्शक हिचकॉकने आपल्या 'सायको'साठी सहा मिनिटांहून मोठा ट्रेलर केला, आणि त्यात सिनेमातलं एक दृश्य नाही. स्वतः हिचकॉक घर दाखवणाऱ्या दलालासारखा सेटवर फिरतो, इथे काय घडलं ते सांगायला घेतो आणि 'नको, सांगवत नाही' अशा थाटात मध्येच थांबतो. शेवटी न्हाणीघराचा पडदा सर्रकन ओढतो आणि बाई किंचाळते. ती बाईसुद्धा सिनेमातली जॅनेट ली नाही, केसांचा टोप घातलेली व्हेरा माइल्स आहे. सहा मिनिटं बोलून माणसाने हाती काही लागू दिलं नाही, वर थाप मारली. याला म्हणतात ट्रेलर.

आणि कधी कधी सिनेमा दाखवायचीही गरज नसते. 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी'च्या ट्रेलरमध्ये बराच वेळ सिनेमा दिसतच नाही, अंधारात बसलेले प्रेक्षक दिसतात, अंधारातही टिपू शकणाऱ्या कॅमेऱ्याने घेतलेले, एकमेकांना धरून बसलेले. ते कशाला घाबरले हे बघायला लोक गेले. बाकी ट्रेलर हा काय जिन्नस आहे हे २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थला काही आईबापांना नीट कळलं असणार. 'पीटर रॅबिट' बघायला पोरं घेऊन गेले होते, आणि आधी चुकून 'हेरेडिटरी'चा ट्रेलर लागला. त्यांनी पोरांचे डोळे आणि कान झाकले म्हणे. हात दोनच, झाकायच्या गोष्टी चार.

गेल्या महिन्यात भावाने शेवटी मला 'द शायनिंग' बघायला बसवलं. अख्खा. मी उशी पोटाशी धरून लिफ्टची वाट बघत बसले. ती आली सुरुवातीलाच, पण तुकड्यांत, मध्ये त्या मुलाचा चेहरा, इतर काही चेहरे, आणि मी तयारी करेपर्यंत संपलीसुद्धा. रिकामी दारं बघत बसायला कुणी लावलंच नाही. बाकी सिनेमात मी घाबरले, नाही असं नाही, पण शेवट झाला, दिवे लावले, आणि मला झोप लागली. "बघ, सांगितलं होतं ना," भाऊ म्हणाला.

सकाळी ऑफिसला निघण्याआधी, केवळ तुलना म्हणून, मी तो टीझर पुन्हा एकदा लावला.

ऑफिसात खाली लिफ्ट उघडी होती आणि आत ती 'तिसरा मजला'वाली सहकारी उभी होती, एकटी. "येतेस ना?" म्हणाली.

"नको गं, जिन्याने येते."

तिने माझ्याकडे बघितलं, वरच्या आकड्यांकडे बघितलं, आणि बाहेर आली. "थांब," म्हणाली, "मीपण."