तुम्ही विचारलंत म्हणून: पांबनचा रेल्वेपूल उंचच का नाही बांधला?

रामेश्वरच्या बेटावर रेल्वे जाते ती समुद्रावरच्या पांबनच्या पुलावरून. रामेश्वर करून सोलापुरात परतलेली मंडळी मला हमखास गाठतात. मी रेल्वेत पुलांच्या कामावर होतो ना! प्रश्न ठरलेला: "काका, साडेपाचशे कोटी घालून परत बोटींसाठी उघडणाराच पूल कशाला? शेजारचा रस्त्याचा पूल बघा, खालून बोटी जातात. तसाच बांधायचा की ओ!"

प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र आपल्याच वाटेवर आहे. मुंबईहून सोलापूरला येताना कर्जतला गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावतात, ती कशासाठी? बोरघाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढं गेलं की १ मीटर वर. असला चढ एसटी गिअर बदलून चढते. रेल्वेचं लोखंडी चाक लोखंडी रुळावर, त्याची पकड ती केवढी? १०० ला १ म्हटलं तरी मालगाडीचा ड्रायव्हर कुरकुरतो.

आता हिशेब करा. नव्या पुलात बोटींसाठीचा ७२.५ मीटरचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, आख्खाच्या आख्खा १७ मीटर वर उचलला जातो, लिफ्टसारखा. तेवढी उंची कायमची हवी असेल तर १०० ला १ ने अलीकडे १,७०० मीटर आणि पलीकडे १,७०० मीटर चढ-उतार हवा. पूल आहे २ किलोमीटरच्या जरासा वर. म्हणजे चढ जमिनीवरूनच धरायचा आणि काठाची स्टेशनंही उचलायची. घाटाएवढा चढ दिला तर बसेल, पण मग भर समुद्रावरच्या वाऱ्यात बँकर लावून यात्रेकरू न्यायचे! मी असल्या नकाशावर सही केली नसती. (माझी सही कुणी मागितली नसती, ते सोडा.) रस्त्याचा पूल १९८८ सालीच उंच झाला, कारण गाड्यांची चाकं रबराची.

दुसरा प्रश्न असतो, जुनाच का नाही दुरुस्त केला? अहो, त्याची दुरुस्ती काय कमी झाली? १९१४ चा पूल तो. शेर्झर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरच्या पद्धतीचा त्याचा गाळा, दोन पाती दोन्हीकडं उचलली जायची, तीही माणसांनी हातानं फिरवून. १९६४ च्या वादळानं गर्डर, म्हणजे पुलाच्या लोखंडी तुळया, समुद्रात नेले, तेव्हा रेल्वेचे इंजिनिअर ई. श्रीधरन यांनी ४६ दिवसांत पूल पुन्हा उभा केला. आमच्या खात्यात ही गोष्ट पुराणासारखी सांगायचे. पुढं २००७ मध्ये मीटरगेजचं ब्रॉडगेज झालं, ते वजनही त्यानं पेललं. पण खारा वारा लोखंडाला सोडत नाही. वरून रंग ताजा दिसतो, आत रिव्हेटच्या खाली पत्रा पापुद्र्यासारखा सुटतो. हातोडी मारली की आवाज बद्द येतो, मग समजायचं. नव्याला जोड वेल्डिंगचे आणि काँक्रीटमध्ये स्टेनलेस सळ्या, त्या ह्याचसाठी.

डिसेंबर २०२२ मध्ये जुन्यावरून गाड्या थांबल्या, नवा एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाला. आम्ही नवराबायको नेमके मधल्या काळात गेलो. मंडपमला उतरलो आणि पुढं बसनं. रस्त्याच्या पुलाच्या माथ्यावरून खाली दोन्ही दिसत होते, जुना गप्प उभा आणि शेजारी नव्याचं काम चालू. मी तिला नवा कसा उचलला जाणार ते सांगत होतो. तिनं ऐकत ऐकत जुन्यालाच नमस्कार केला.