पंधराची अ‍ॅलॉय चढली: रिम जुन्या, टायर कोरे

काल संध्याकाळी माझ्या गाडीला पंधरा इंची अ‍ॅलॉय (मिश्रधातूच्या) रिमची चारही चाकं चढली. मागची नोंद लिहिली तेव्हा गाडी चौदा इंची स्टील रिमवर होती, टायर गोटा व्हायला आले होते आणि हातात काहीच नव्हतं. मधल्या अडीच महिन्यांत तीन सेट प्रत्यक्ष पाहिले, दोन नाकारले, एक घेतला. पैसे कुठे वाचवले आणि कुठे मुद्दाम वाचवले नाहीत, ते सविस्तर लिहिते.

रिम सेकंड हँड घ्यायच्या आणि टायर कोरेच घ्यायचे, हे पहिल्या दिवशी ठरवलं होतं. रिम तपासता येते. उलटी करा, फिरवा, आतून बोट फिरवा, तिने काय सोसलंय ते सापडतं. वापरलेल्या टायरचं तसं नसतं. हवा कमी असताना तो किती पळवलाय, त्यात आतले धागे किती दमलेत, हे नक्षी कितीही खोल असली तरी बाहेरून कळत नाही.

पहिले तीन आठवडे: फक्त मोजमाप

आपल्यातले बरेच जण आधी डिझाइनच्या प्रेमात पडतात आणि मग त्या मापाचा टायर शोधत हिंडतात. मी टायरपासून सुरुवात केली, कारण रिम एकदाच घ्यायची असते, टायर दर काही वर्षांनी. जे माप बऱ्याच गाड्यांना कंपनीतूनच येतं, ते सगळीकडे मिळतं, त्यात निवड असते आणि भावही आवाक्यात राहतो. सोळा इंचाचा मोह तिथेच सुटला.

गाडीचं मूळ माप १७५/६५ आर १४, म्हणजे टायरची रुंदी १७५ मिमी, रबराची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १४ इंची. त्याचा व्यास ५८३ मिमी. १८५/५५ आर १५ चा भरतो ५८४.५ मिमी. फरक पाव टक्क्याचासुद्धा नाही, म्हणजे स्पीडोमीटर जसाच्या तसा. १९५/५० आर १५ सुद्धा मनात होता, पण तो ५७६ मिमी, जवळपास सव्वा टक्का कमी. गाडी थोडी खाली बसली असती आणि रबराची उंचीही घटली असती. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) दोन्हीकडे ८२, म्हणजे एका टायरवर ४७५ किलो, जो मूळ टायरचाही होता. हा आकडा मूळच्यापेक्षा खाली जाऊ द्यायचा नाही, मग टायर कितीही स्वस्तात मिळो.

बाकी मापं अशी: चार स्टड (ज्यांवर चाकाचे नट आवळतात), पीसीडी १०० (स्टडच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, मिमीमध्ये), हबचा (गाडीकडच्या ज्या मधल्या उंचवट्यावर रिम बसते त्याचा) व्यास ५४.१ मिमी, नटांचा आटा एम १२ गुणिले १.५, मूळ रिम ५.५ जे (म्हणजे साडेपाच इंच रुंद) आणि ईटी ४५ (रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती मिमी बाहेर आहे ते). हे सगळं एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवलं. विकणारा समोर उभा असताना डोकं गरगरतं, तेव्हा ही चिठ्ठीच कामाला येते.

कुठे कुठे शोधलं

सर्वांत चांगला माल मिळतो तो नव्या गाडीवरून लगेच उतरवलेल्या कंपनीच्या रिममध्ये. गाडी घेतल्या घेतल्या लोक मोठी चाकं लावतात आणि मूळची काढून कोपऱ्यात ठेवतात. या रिम त्याच गाडीसाठी बनलेल्या असतात, हबचं भोक बरोबर बसतं, वजन पेलण्याची शंका उरत नाही. टायरसकट मिळाल्या तर कोऱ्या टायरचा माझा नियम इथे मी मोडला असता, कारण तो टायर जेमतेम शोरूमपासून घरापर्यंत चाललेला असतो. माझ्या मापाचा असा सेट मिळाला नाही. तुम्हाला दिसला तर फार विचार करू नका.

दुसरी जागा म्हणजे गाडी विकायला काढलेले हौशी लोक. गाडी मूळ चाकांवर विकायची म्हणून अ‍ॅलॉय वेगळी काढतात. चार रिम घरात ठेवायला जागा लागते, घरच्यांची बोलणी ऐकावी लागतात, त्यामुळे अशा ठिकाणी घासाघीस जमते. माझा सेट इथूनच आला. गाडी विकून महिना झालेला माणूस शोधा, असं मी म्हणेन.

टायरच्या दुकानांतही बंद झालेल्या डिझाइनचे सेट पडून असतात. ते दर्शनी भागात लावलेले नसतात, विचारावं लागतं. भंगारात पूर्ण सेट क्वचित लागतो, पण फुटलेल्या एका रिमची जोडी जमवायला किंवा स्टेपनीसाठी ती चांगली जागा आहे. फक्त गाडी कोणत्या कोपऱ्यावर आपटली होती ते बघून घ्या आणि त्या कोपऱ्याचं चाक सोडून द्या.

अगदी स्वस्त नव्या अ‍ॅलॉयचाही विचार केला होता. तिथे मी आधी मागची बाजू बघते. माप, ईटी, कमाल भार आणि जेडब्ल्यूएल ही खूण ओतकामातच उमटलेली हवी. जेडब्ल्यूएल हे जपानी मानक. ती खूण बनवणारा स्वतःच्या चाचणीवर लावतो, सोबत व्हीआयए असेल तर बाहेरच्या संस्थेने पडताळलेलं असतं. यातलं काहीच नसेल आणि फक्त चकचकीत रंग असेल, तर ती रिम माझ्यासाठी नाही.

नाकारलेले दोन सेट

पहिल्या सेटचे फोटो सुंदर होते. प्रत्यक्षात बाहेरची बाजू खरंच छान, आणि आतली बाजू चारांपैकी दोनच रिमवर ताज्या काळ्या रंगाने रंगवलेली. आतली बाजू कोणी हौसेने रंगवत नाही. मी रिम आडवी ठेवली आणि आतल्या काठावरून अंगठ्याचं नख हळूहळू गोल फिरवलं. एका जागी नख अडकलं, दोन बोटं पुढे गेलं आणि पुन्हा अडकलं. मधला भाग किंचित फुगीर. तिथे तडा जाऊन वेल्डिंग झालेलं होतं आणि वर रंग फासला होता. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, “ताई, ते ओतकामाचंच आहे.” ओतकाम असतं तर चारही रिमवर तीच रेघ त्याच जागी असती. तिथूनच परत फिरले. ओतीव अ‍ॅलॉयला कारखान्यात ठरावीक तापमानाची प्रक्रिया देऊन ताकद आणलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागेभोवतीची ताकद उतरते, आणि आतला काठ हाच खड्ड्याचा पहिला मार खातो.

दुसरा सेट पीसीडी १०० म्हणून विकायला होता. दादा व्हर्नियर (बारीक मोजमापाची पट्टी) घेऊन सोबत आला होता. चार भोकांच्या रिमवर समोरासमोरच्या दोन भोकांत एकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या आतल्या कडेपर्यंत मोजलं की सरळ पीसीडी मिळतो. आकडा आला ९८. दोन मिलीमीटरने काय होतंय, असं कोणी म्हणेल. नट बसतातही, पण तिरके, आणि नेमके तेच चालता चालता ढिले होतात. पाच भोकांची रिम असेल तर शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर मोजून त्याला १.७ ने गुणा.

घेतलेला सेट

६ जे, १५ इंच, ईटी ४०, राखाडी, दहा काड्यांच्या. १८५/५५ साठी ६ जे ही अगदी योग्य रुंदी. रुंदी वाढली आणि ईटी कमी झाला, म्हणून नवी रिम मूळच्यापेक्षा बाहेर ११ मिमी आणि आत जेमतेम दीड मिमी सरकते. आत शॉकअपजवळ बोटभर मोकळी जागा होती, बाहेर मडगार्डच्या कडेच्या आतच राहते. हे मी स्टीलच्या चाकावर पट्टी धरून आधीच मोजलं होतं.

पैसे देण्याआधी एक अट घातली: टायरवाल्या काकांकडे नेऊन चारही रिम टायरशिवाय बॅलन्सिंग मशीनवर (चाक फिरवून त्याचा तोल बघणाऱ्या यंत्रावर) फिरवायच्या. थोडे पैसे मीच भरले. विकणारा लगेच तयार झाला, तिथेच अर्धा विश्वास बसला. रिम फिरताना बाहेरची कड बघून उपयोग नाही, नजर आतल्या कडेवर हवी. तीन रिम सरळ निघाल्या. चौथीची आतली कड एका जागी हलकेच डोलत होती. तडा नव्हता. काकांनी दाखवलं, मीही भिंग घेऊन पाहिलं. भाव तेवढा कमी करून घेतला आणि ती मागच्या डाव्या बाजूला लावली.

या रिमच्या मधलं हबचं भोक ६७.१ मिमी, म्हणजे ५४.१ च्या हबवर ते सैल. मधे ६७.१ ते ५४.१ च्या रिंगा लागतात. रिंग नसेल तर चाक मध्यावर आणायचं काम एकट्या नटांवर येतं, आणि जरा इकडेतिकडे झालं तरी ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरतं. मग लोक उगीच पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करत बसतात.

वजनही केलं. स्टीलची रिम ६.८ किलो, ही ६.५. अ‍ॅलॉय म्हणजे हलकी, हे आपण सहज बोलून जातो. स्वस्त ओतीव रिममध्ये एक इंच वर गेलं की तो फायदा जवळपास संपतो.

टायर

दुकानात मी आधी टायरच्या बाजूवर उमटवलेल्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचले, त्यांतून टायर कधी बनला ते कळतं. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३५२३ म्हणजे २०२३ चा पस्तिसावा आठवडा. हा शिक्का बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला पूर्ण असतो, म्हणून बसवण्याआधीच बघायचा. नीट साठवलेला, वर्षभरापूर्वी बनलेला टायर मला चालतो आणि त्यावर सवलत मागायला मी लाजत नाही. चारही टायर एकाच बनावटीचे घेतले. कोणाला दोनच परवडत असतील तर नवे दोन मागे लावा, गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाणारी असली तरी. ओल्या रस्त्यावर मागची बाजू सुटली की सावरणं फार अवघड जातं.

ट्रेडवेअरचा (टायर किती हळू झिजतो याचा) आकडा वाचून दोन कंपन्यांची तुलना मात्र करू नका. तो आकडा प्रत्येक कंपनी आपला आपण देते.

चढवताना

काकांनी हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढला, रिंगा बसवल्या, नट हाताने फिरवून घेतले आणि मग समोरासमोर आळीपाळीने आवळले. शेवटचा ताण मी टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) दिला, गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे १०३ न्यूटन-मीटर. बॅलन्सिंगला डोलणाऱ्या रिमला ४५ ग्रॅम वजन लागलं, बाकींना १५ ते २५.

आज सकाळी ९० किलोमीटर फिरून आले आणि चाकं थंड झाल्यावर नट पुन्हा तपासले. पुढच्या उजव्या चाकाचा एक नट थोडा फिरला, बाकी पक्के. स्टिअरिंग शांत आहे. वळणावर गाडी आधीपेक्षा लवकर ऐकते, आणि लहान खड्डे आधीपेक्षा जास्त जाणवतात. पुढच्या टायरची हवा २ पीएसआयने कमी करून बघायचा विचार आला होता, पण दरवाजावर लिहिलेल्या आकड्याखाली जायचं नाही म्हणून तसेच ठेवले.

एक काम राहिलंय. या रिमच्या नटांची भोकं अरुंद आहेत, गाडीसोबत आलेला पाना आत शिरत नाही. म्हणून पातळ भिंतीचा सॉकेट आणि लांब दांडा मागच्या डिकीत स्टेपनीशेजारी टाकलाय. स्टेपनी चौदाचीच आहे, व्यास जुळतो म्हणून चालेल, पण तिच्यावर अ‍ॅलॉयचे हे नवे नट नीट बसतात का ते रविवारी गाडी जॅकवर घेऊन बघणार आहे. तोवर जुने सोळाही नट पिशवीत बांधून तिथेच ठेवलेत.