बाळाच्या दिनक्रमावरून केलेली रजिस्ट्री

बाळ येणार हे कळल्यापासून जवळची माणसे ‘काय हवे ते मोकळेपणाने सांगा’ असे म्हणत होती. गरोदरपणाचा मध्य ओलांडल्यावर मी आणि माझ्या नवऱ्याने रजिस्ट्री करायचे ठरवले. दुकानाकडे नोंदवलेली ही यादी ज्यांना भेट द्यायची असेल ते पाहतात, तिच्यातून एखादी वस्तू घेतात, आणि घेतलेल्या वस्तूपुढे तशी नोंद होत असल्यामुळे एकच वस्तू तीन ठिकाणांहून येत नाही. व्यवस्था सोपी आहे. अवघड असते ती निवड. दुकानाची तयार यादी खूप लांबलचक होती आणि ती दुकानातल्या विभागांप्रमाणे लावलेली होती. तिच्यावर खुणा करत बसण्यापेक्षा आधी नवजात बाळाचा दिवस कागदावर मांडावा, असे मला वाटले.

तो दिवस मांडल्यावर बरेच स्पष्ट झाले. नवजात बाळ चोवीस तासांत साधारण १४ ते १७ तास झोपते, तेही तुकड्यातुकड्यांनी. ते ८ ते १२ वेळा दूध पिते, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत दिवसाला दहाच्या आसपास डायपर किंवा लंगोट बदलावे लागतात. म्हणजे झोपणे, पिणे आणि स्वच्छता या तीन कामांतच जवळजवळ सगळा दिवस जातो. मग प्रत्येक वस्तूपुढे मी तीन प्रश्न लिहिले: ही कोणत्या महिन्यात लागेल, दिवसातून किती वेळा हाताशी लागेल, आणि ती नसेल तर घरातले दुसरे काही तिचे काम करेल का?

या प्रश्नांपुढे पुष्कळ वस्तू टिकल्या नाहीत. ओले वाइप गरम करणारे यंत्र गेले, चालायच्या आधीचे बूट गेले. अंघोळीच्या पाण्याचा वेगळा तापमापकही गेला, कारण कोपर बुडवून पाणी कोमट आहे की नाही हे नीट कळते. लंगोट बदलण्याच्या उंच टेबलाऐवजी मी पाणी न झिरपणारी, पुसता येणारी जाड चटई निवडली. ती जमिनीवर अंथरली की बाळ खाली पडण्याचा प्रश्नच येत नाही. वॉकर मात्र केवळ अनावश्यक म्हणून काढला नाही. त्यामुळे बाळ लवकर चालत नाही आणि जिन्यावरून पडण्यासारखे अपघात होतात, म्हणून कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. कोणी प्रेमाने दिला तरी तो घरात आणायचा नाही, हे आम्ही दोघांनी आधीच ठरवून ठेवले.

सर्वांत जास्त वेळ मी झोपेच्या वस्तूंवर घालवला. दुकानांत पाळणा मांडलेला असतो तो उशी, दुलई, कठड्याला बांधायच्या गुबगुबीत पट्ट्या आणि मऊ खेळणी यांनी भरलेला. बालरोगतज्ज्ञांचा सल्ला याच्या अगदी उलट आहे. वर्षभराच्या आतल्या बाळाला प्रत्येक वेळी पाठीवर, टणक आणि सपाट गादीवर झोपवावे, आणि गादीवर घट्ट बसणाऱ्या चादरीखेरीज पाळण्यात काहीही ठेवू नये. अमेरिकेत १९९४ साली बाळांना पाठीवर झोपवण्याची मोठी मोहीम सुरू झाली, आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक होणाऱ्या बालमृत्यूंचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. २०२२ साली तिथे कायदा करून कठड्याच्या गुबगुबीत पट्ट्या आणि दहा अंशांहून अधिक उतार असलेली झोपण्याची साधने यांच्या विक्रीवर बंदी आली. हे समजल्यानंतर माझ्या यादीचा हा भाग फार छोटा झाला. त्यात सपाट तळाचा, दोन गजांमध्ये सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नसलेला पाळणा होता, त्याच्या मापाची टणक गादी होती, आणि कडेला इलॅस्टिक असलेल्या चादरी व गादीची ओल रोखणारी आच्छादने होती. पांघरुणाऐवजी मी अंगात घालायच्या, बिनबाह्यांच्या झोपण्याच्या पिशव्या नोंदवल्या. चादरी आणि आच्छादने मुद्दाम जास्त लिहिली, कारण मध्यरात्री एक ओली झाली की दुसरी त्याच क्षणी लागते आणि पहिली वाळेपर्यंत तिसरीची वेळ येते. बाळाने आमच्याच खोलीत, पण स्वतःच्या पाळण्यात झोपावे, निदान पहिले सहा महिने तरी, असाही सल्ला आहे. त्यामुळे वेगळी खोली सजवण्याचा सगळा विचार बाजूला पडला.

माझ्या मावशीने उशी, लोड आणि दुलईचा सुंदर संच द्यायचे मनाशी ठरवले होते. तिला नाही म्हणणे मला जड गेले. पण मी तिला फोन करून कारण सांगितले आणि म्हटले, “मावशी, तुझी भेट बाळाच्या अंगावर रोज रात्री असावी, असं मला वाटतं. दोन मापांच्या झोपायच्या पिशव्या देशील का?” तिने आनंदाने त्याच दिल्या. असे नुसते ‘नको’ म्हणण्यापेक्षा त्याच मायेला दुसरी वाट काढून देणे बरे, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

कपड्यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. बहुतेक बाळांचे वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्मवजनाच्या दुप्पट होते, म्हणून अगदी लहान मापाचे कपडे मोजकेच मागितले आणि पुढच्या मापांचे जास्त. त्यातही ते माप बाळाला ज्या महिन्यात बसेल, त्या महिन्याचे हवामान पाहूनच कापड ठरवले. पुढून उघडणारी झबली आणि खांद्यावर एकमेकांवर चढणाऱ्या गळ्याचे अंगरखे मला फार उपयोगी वाटले. डायपरमधून शी बाहेर आली तर असा अंगरखा डोक्यावरून न काढता पायांकडून खाली ओढता येतो. नाडी, सैल बटणे आणि लोंबणारी सजावट असलेले काहीही घेतले नाही.

दुधाच्या बाबतीत मी जाणूनबुजून संयम ठेवला. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे असे सांगते, आणि माझीही तीच इच्छा होती. मात्र प्रत्यक्षात कसे जमेल हे प्रसूतीच्या आधी कोणालाच ठाऊक नसते. म्हणून बाटल्यांचा भलामोठा संच न मागता दोनच बाटल्या मागितल्या आणि ब्रेस्ट पंप यादीच्या शेवटी, ‘बाळ आल्यानंतर’ अशी टीप लिहून ठेवला. सुती दुपटी आणि खांद्यावर टाकायचे रुमाल मात्र भरपूर. उंच खुर्ची, वाट्या आणि लाळेरी ही वरच्या अन्नाची साधने सहाव्या महिन्याच्या आसपास लागतात. उशिरा भेट देऊ इच्छिणाऱ्यांसाठी त्यांचा वेगळा गट केला.

कार सीटच्या बाबतीत तडजोड करायची नाही, हे आमच्यात आधीपासून पक्के होते. ओळखीच्यांकडून जुने कपडे आणि बाबागाडी आम्ही आनंदाने घेतली. सीट मात्र नवीच, कारण अपघातातून गेलेल्या सीटचे नुकसान बाहेरून दिसेलच असे नाही, आणि तिच्यावर वापराची मुदतही छापलेली असते. ‘आर १२९’ या संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीनुसार बाळाला किमान पंधरा महिन्यांपर्यंत गाडीच्या मागच्या दिशेला तोंड करून बसवायचे असते. यादीत नाव टाकण्याआधी आम्ही ती सीट आमच्याच गाडीत बसवून पाहिली, कारण सीटचा आणि गाडीचा मेळ बसेल की नाही हे पेटीवरच्या चित्रावरून कळत नाही. वस्तू महाग असल्यामुळे ती अनेकांनी मिळून देण्याची सोय दुकानाने ठेवली होती, आणि नवऱ्याच्या मित्रांनी ती एकत्र येऊन दिली.

आरोग्याच्या छोट्या पेटीत डिजिटल थर्मामीटर, नखे घासायची मऊ कानस आणि नाक साफ करायचा रबरी फुगा एवढेच होते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त असेल, तर लगेच डॉक्टरांना कळवायचे असते, म्हणून अंदाजावर चालणारे नव्हते. याच भागात मी माझ्या वस्तू लिहिल्या: प्रसूतीनंतरचे मोठे पॅड, दूध पाजताना सोयीचे कपडे, एका हाताने उघडणारी पाण्याची बाटली. आईच्या गरजा या यादीत असणे अनेकांना विचित्र वाटते. मला मात्र वाटते की त्या अगदी वर असाव्यात, कारण बाळाची सगळी कामे जिला करायची असतात तिचे शरीर त्याच दिवसांत सावरत असते.

शेवटी व्यवहाराचे. ज्यांना छोटी भेट द्यायची आहे त्यांनाही निवडायला काही मिळावे म्हणून स्वस्त वस्तू पुरेशा ठेवल्या. डायपर एकाच कंपनीचे आणि एकाच मापाचे न मागता निरनिराळ्या मापांचे मागितले, कारण कोणते बाळाच्या त्वचेला मानवेल हे वापरल्यावरच कळते. वस्तू परत करण्याची मुदत खरेदीच्या दिवसापासून मोजली जाते की बाळाच्या जन्माच्या अपेक्षित तारखेपासून, हे दुकानाला आधीच विचारून घेतले आणि प्रत्येक पेटी गरज पडेपर्यंत सीलबंद ठेवली. यादीत उरलेल्या वस्तूंवर दुकानाने पालकांना सवलत दिली होती. बाळाचे दूध पिणे रुळल्यावर आणि माझी कामावर परतण्याची तारीख ठरल्यावर त्या सवलतीतून आम्ही पंप घेतला, आणि न उघडलेला बाटल्यांचा एक जोड परत करून त्याऐवजी गादीची आणखी दोन आच्छादने आणली.