शहामृग चौकातला माळढोक

सोलापुरात पुतळा बघायचा म्हणजे मान वर करावी लागते. लहानपणी चार हुतात्मा चौकात आजोबा मला उभं करायचे आणि चारही नावं म्हणून घ्यायचे. मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. एक जरी अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेली ही माणसं. तिथं हसायची प्राज्ञाच नव्हती. पुतळ्यासमोर पोट धरून हसता येतं, हे मला चाळिशीच्या तोंडावर कळलं, तेही बार्शी रस्त्याला हुरडा खायला जाताना.

यंदा गड्ड्याच्या जत्रेला पोचायला जमलं नाही, म्हणून जानेवारीच्या शेवटी दोन दिवस घरी गेलो. सकाळी मामेभावाने गाडीला किक मारली आणि म्हणाला, "चल, जाता जाता शहामृग दाखवतो." मला वाटलं कुणीतरी शेतात शहामृग पाळलाय. आमच्याकडे काहीही होऊ शकतं. इमूचा धंदा करून हात पोळलेले लोक अजून भेटतात.

गार वारा, दोन्ही बाजूंना कणसावर आलेली ज्वारी आणि मधेच मुरमाचा उघडाबोडका माळ. नान्नज मागे टाकल्यावर एका फाट्याला वळलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. का ते पुढे येईलच. चौक म्हणजे एक लिंबाचं झाड, चहाची टपरी, कटिंगचं दुकान आणि मधोमध कमरेएवढा ओटा. ओट्यावर तो. अंगावर सोलापुरी चादर पांघरलेला, एक डोळा मिटलेला.

"चादर कशाला?" मी विचारलं.

"थंडी हाय की ओ, मालक," टपरीवाला शांतपणे म्हणाला.

चादर बाजूला करून बघितलं. सगळं भंगार, पण काय जुळवलंय! मान सायकलच्या चेनी एकीला एक जोडून केलेली, त्यामुळे ती थोडी वळलेली, कुणीतरी हाक मारल्यासारखी. छातीवर टायरचा काळा पट्टा. डोक्यावरच्या काळ्या टोपीला भाकरीचा जुना तवा अर्धा कापून बसवलाय. डोळ्यांना मोटारसायकलचे इंडिकेटर, त्यातला एक फुटल्यामुळे पक्षी कायम डोळा मारतोय. आणि पाठीवर पिसांच्या जागी धोटे. मागावरचे, लाकडी, दोन्ही टोकांना धातूची अणी असलेले धोटे. एकावर बोट फिरवलं. वर्षानुवर्षं सुताच्या ताण्यातून पळून पळून लाकूड इतकं गुळगुळीत झालं होतं की हात काढवेना. आमच्या घराच्या मागच्या बोळात दिवसभर खटखट चालायची. मग एकेक माग बंद पडत गेला. ते धोटे कुठे जात असतील हा विचार कधी डोक्यात आला नव्हता.

हा माळढोक आहे, हे मला टायरच्या पट्ट्यावरून आणि तव्यावरून कळलं. गावाने मात्र पहिल्या दिवशीच त्याला शहामृग ठरवून टाकलं होतं. आता टमटमवालेसुद्धा "शहामृग चौक, शहामृग चौक" असंच ओरडतात.

करणारा कारागीर चौकातच, पत्र्याच्या शेडमध्ये पाभर दुरुस्त करत बसला होता. साठीचा असेल. "नाव-गाव टाकू नका," पहिल्यांदा हेच. "पक्षीवाले येतील चुका काढायला. मान जाड झालीया, मला म्हाईत हाय."

माळढोकावर या भागात सगळ्यांचंच प्रेम होतं असं नाही. १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतलं मिळून तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात शेतं, गावं, रस्ते सगळंच आलं. जमिनीचा व्यवहार करा, काही बांधा, मधे माळढोक उभा. पुढे हद्द कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली, पण तोवर पक्ष्याच्या नावाने बोटं मोडणारी एक पिढी तयार झाली होती. आणि पक्षी? एका वेळी बहुधा एकच अंडं, तेही उघड्या माळावर जमिनीवर. मीटरभर उंच, नराचं वजन पंधरा किलोपर्यंत. एवढं धूड उडताना समोरची विजेची तार त्याला वेळेवर दिसत नाही.

"मग तुम्ही याचाच पुतळा का केला?" मी विचारलं.

त्याने उत्तर दिलं नाही. उठून ओट्यापाशी आला आणि खाली बोट दाखवलं. पायाला तीन बोटं, तिन्ही पुढं. मागचं बोट नाही. "कोंबडीला मागं असतंय, कावळ्याला असतंय. ह्याला नसतंय. म्हणून हा झाडावर बसत न्हाई. ल्हानपणी शेरडं राखताना मातीत ठसे बघायचो आम्ही. ठशावर पाय ठेवून मापायचो, कुणाचा मोठा म्हणून." सळई वाकवून केलेली ती बोटं त्याने तळव्याने पुसली. "बाकी चुकलं असंल. पाय न्हाई चुकला."

"शेवटचा कधी दिसला?"

"थोरली चौथीत होती." जरा थांबून म्हणाला, "आता तिची पोरगी चौथीत हाय."

चहा झाला. मामेभाऊ घाई करायला लागला, हुरड्याची आगटी पेटवून मंडळी वाट बघत होती. फुटका इंडिकेटर बदलणार का, असं मी निघता निघता विचारलं, तर टपरीवालाच मधे पडला: "अजाबात न्हाई. डोळा मारतोय म्हणून तर गिऱ्हाईक थांबतंय."

तेवढ्यात दप्तर पाठीवर घेतलेलं एक पोरगं ओट्यावर चढलं आणि मी सरकवलेली चादर ओढून पक्ष्याच्या गळ्याशी गाठ मारायला लागलं.

"काय करायलाय रे?" शेडमधून आवाज आला.

"शहामृगाला थंडी वाजायलीय!"

"माळढोक म्हण!"

पोराने गाठ पक्की केली, खाली उडी मारली आणि पळता पळता ओरडलं, "माळढोक शहामृगाला!"