चौथ्या मजल्यावरचा नळ

उद्घाटन शनिवारी होतं. गुरुवारी सकाळी मी मिस्त्रींना म्हणाले, "पिण्याच्या टाकीचा मेन व्हॉल्व्ह बंद करा आणि खालपासून वरपर्यंत सगळे नळ सोडून ठेवा."

"मॅडम, प्रेशर टेस्ट झालीय की. एक थेंब गळला नाही."

पुण्यातल्या एका विद्यापीठाच्या इनोव्हेशन सेंटरची ही सहा मजली इमारत. तिथलं पाण्याचं सगळं डिझाइन माझं. नॅशनल बिल्डिंग कोड ऑफिससाठी माणशी रोज ४५ लिटर पाणी धरतो, त्यातले २० लिटर नुसते फ्लशिंगला. खडकवासल्याहून आणून शुद्ध केलेलं पाणी संडासात ओतणं मला कधीच पटलेलं नाही. म्हणून गच्चीवर शेजारी शेजारी दोन टाक्या केल्या. एक महापालिकेच्या पाण्याची, दुसरी फ्लशसाठी, एसटीपीतून म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटमधून प्रक्रिया होऊन आलेल्या पाण्याची. नळांना एरेटर, म्हणजे धारेत हवा मिसळून पाणी वाचवणारी जाळी, फ्लशला दोन बटणं, हे सोपं काम. त्यात चूक झाली तर धार बारीक पडते, तक्रार येते, दुरुस्त होतं. फ्लशच्या दुसऱ्या लाइनचं तसं नाही. ती पिण्याच्या लाइनला कुठे चिकटली, तर कळायच्या आत लोक आजारी पडतात.

तासाभरात नळ कोरडे पडले. एकेका मजल्यावर जाऊन बघत गेले. चौथ्या मजल्यावरच्या पँट्रीत सिंकच्या नळाला करंगळीहून बारीक धार लागलेली. लाइनीत उरलेलं पाणी असेल म्हणून थांबले. दहा मिनिटं झाली, वीस झाली, धार तशीच. म्हणजे पाणी दुसरीकडून येत होतं.

एसटीपीच्या टाकीत खाण्याचा लाल रंग कालवायला सांगितला आणि स्टीलचा पेला नळाखाली धरून उभी राहिले. पाऊण तासाने पेल्यात गुलाबी झाक दिसायला लागली. मिस्त्री शेजारीच होते. त्यांनी पेला माझ्या हातातून घेतला, खिडकीपाशी नेला, परत आणला. बोलले काही नाहीत.

उभ्या पाइपांसाठी ठेवलेल्या शाफ्टची झडप उघडून बॅटरी मारली. दोन उभ्या लाइनींच्या मध्ये वीतभर पाइपचा तुकडा, त्यावर बॉल व्हॉल्व्ह. एकाच पंपाने दोन्ही लाइनी भरून टेस्टिंग उरकावं म्हणून टाकलेला जोड. "काढायचा राहिला," मिस्त्री हळूच म्हणाले. व्हॉल्व्ह बंद होता, पण आत वाळूचा कण अडकून सीट, म्हणजे पाणी अडवणारी आतली कड, खराब झालेली, पाणी झिरपत होतं.

प्रेशर टेस्ट पास होणारच होती. ती गळती सांगते, कुठल्या लाइनीत कुठलं पाणी आहे ते सांगत नाही. शिवाय टाक्या एकाच उंचीवर, दोन्हीकडे दाब सारखा, त्यामुळे एरवी पाणी इकडचं तिकडे गेलंच नसतं. पण सकाळी सगळे नळ एकदम सुटले, पिण्याच्या लाइनचा दाब उतरला, की एसटीपीचं पाणी आत ओढलं जाणार. मुलं पँट्रीत बाटल्या भरतात तीच वेळ.

तुकडा कापला, दोन्ही तोंडांना कॅप मारल्या. बाकीचे दोन शाफ्ट उघडून वरपासून खालपर्यंत पाहिले आणि तीच चाचणी पुन्हा घेतली. या खेपेला चौथ्या मजल्यावरचा नळ कोरडा राहिला, तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. पिण्याच्या लाइनीत क्लोरीन घालून रात्रभर ठेवलं, सकाळी धुऊन काढलं, पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला.

उद्घाटनाला बाहेरून जार मागवावे लागले. पाणी वाचवणाऱ्या इमारतीत प्लास्टिकचे जार कसे, असं एका पाहुण्यांनी विचारलं. मी त्यांना खरं कारण सांगितलं. विद्यापीठाच्या एका अधिकाऱ्यांना ते आवडलं नाही, पण लपवण्यासारखं त्यात काय होतं? रिपोर्ट चांगला आला तेव्हाच पँट्रीचे नळ सुरू केले.

आता माझ्या प्रत्येक टेंडरमध्ये एक ओळ असते: टेस्टिंगसाठीही दोन लाइनी जोडायच्या नाहीत, आणि शेवटचं बिल निघण्याआधी प्रत्येक नळावर रंगाची चाचणी, माझ्यासमोर.