सांगली, हरिपूर आणि एक जर्मन नट

सांगलीला गेलं की लोक गणपती मंदिर, आयर्विन पूल आणि भडंग उरकून परत येतात, मी यावेळी मुद्दाम भावे नाट्यमंदिर बघायला गेलो. सोबत तिथलाच मित्र, नोकरी सांभाळून राज्य नाट्य स्पर्धेत कामं करणारा. १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीतच 'सीतास्वयंवर' केलं ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयावर, १८५१ ला राजेसाहेब गेले, आश्रय आटला, मग भावे मंडळी घेऊन बाहेर पडले आणि १८५३ ला मुंबईत तिकीट लावून खेळ केले.

राजाश्रय म्हटल्यावर मी लगेच ग्रुंडगेन्स काढला, कारण येताना एसटीत पेठनाक्यापासून तेच वाचत होतो. गुस्ताफ ग्रुंडगेन्स, मोठा जर्मन नट, गटेच्या 'फाउस्ट'मधल्या सैतानाच्या कामाने गाजलेला. तरुणपणी डाव्या लोकांत ऊठबस, पण नाझी आले तसा हिटलरचा बडा मंत्री गोरिंग, त्याच्या मर्जीतला झाला आणि १९३४ ला बर्लिनच्या सरकारी थिएटरचा प्रमुख. नाटकात फाउस्ट आपला आत्मा सैतानाला विकतो, तर सैतान रंगवणाऱ्यानेच सौदा केला वगैरे कुणीही म्हणेल, मला ते फार सोपं वाटतं. कारण याच माणसाने एर्न्स्ट बुश या कम्युनिस्ट नटासाठी रदबदली केली, त्याचा जीव वाचला, आणि युद्धानंतर रशियनांनी ग्रुंडगेन्सला छावणीत टाकलं तेव्हा बुशनेच त्याच्यासाठी शब्द टाकला. पण वाचवायची ताकद आली कुठून, तर त्याच खुर्चीतून ना! आणि त्याच्या थिएटरच्या झगमगाटात ते सरकार सुसंस्कृत दिसत होतं त्याचं काय?

सांगलीजवळच्या हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर बसून हाच वाद चालू. मी म्हटलं, तुमच्याच सांगलीच्या खाडिलकरांनी 'कीचकवध' नाटक लिहून व्हाइसरॉय कर्झनला कीचक केलं, १९१० ला बंदी आली तरी फिकीर नाही. मित्र म्हणाला, "लेका, लेखकाला घरात बसून लिहिता येतंय, नटाला स्टेज लागतंय, पब्लिक लागतंय, आणि ते सगळं सरकारच्या हातात. भाषा सोडून जाणार कुठं?"

मुद्दा बिनतोड वाटला, पण ग्रुंडगेन्सची घटस्फोटित बायको एरिका मानसुद्धा नटीच होती की, ती १९३३ ला देश सोडून गेली आणि झुरिकमध्ये जर्मनमध्येच नाझींविरुद्ध कॅबरे करत राहिली. प्रेक्षक कमी, झगमगाट नाही, एवढाच फरक.

यावर तो जरा गप्प झाला. मी विचारलं, तुला उद्या कुणी असं मोठं थिएटर चालवायला दिलं तर?

"आधी देऊदे तर," म्हणाला, "आम्हाला तालमीला हॉल मिळंना झालाय."